दाणा गेला, चुना मागे राहिला

मेक्सिकोतल्या वाहाका शहरात हातानं तोर्तिया, म्हणजे मक्याची पातळ भाकरी, करायला शिकायचं तर धडा तव्यापाशी सुरू होईल असं वाटतं. तो आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी पीठ दाखवलंच नाही. एक किलो वाळलेला मका, साधारण दहा ग्रॅम चुना आणि पाणी एवढंच पुढे ठेवलं. हे मंद आचेवर शिजवायचं, झाकून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी दाणा बोटांत चोळला की साल निसटून येतं. तो धुऊन, ओला असतानाच वाटायचा.

ज्वारीच्या भाकरीवर बसलेल्या माझ्या हाताला यातलं मर्म पटकन कळलं. आपण म्हणतो, पिठाची विरी गेली की भाकरी थापताना चिरते. नुसत्या मक्याच्या पिठाला मुळात विरी कमीच. चुना दाण्याचं टरफल विरघळवतो, पिष्ट थोडं फुलवतो, आणि मग वाटलेला गोळा दोन तळहातांमध्ये थापटूनही फाटत नाही. या चुन्यात शिजवलेल्या मक्याला निश्तामाल म्हणतात. अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत ‘नेश्त्ली’ म्हणजे राख आणि ‘तामाल्ली’ म्हणजे मक्याचा शिजवलेला गोळा. चुन्याआधी किंवा चुन्यासोबत राखेचं पाणीही वापरात होतं, हे त्या नावातच राहून गेलं आहे. तोर्तिया हे नाव मात्र स्पॅनिशांनी दिलेलं. त्याआधी तिला ‘त्लाश्काल्ली’ म्हणत.

मका माणसाळवला गेला तो याच देशाच्या दक्षिणेत, बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी, तेओसिंते नावाच्या रानगवतापासून. चुन्यात मका शिजवण्याच्या भांड्यांचे सर्वांत जुने पुरावे ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, इ. स. पूर्व १५०० ते १२०० च्या सुमाराचे. ही युक्ती कोणी शोधली त्याची नोंद नाही. ती चुलीपाशी, बायकांच्या हातात टिकली. १५४० च्या सुमारास तयार झालेल्या, अ‍ॅझ्टेकांचं जगणं चितारणाऱ्या मेंदोसा चित्रपोथीत तीन वर्षांच्या मुलाच्या वरच्या बाजूला त्याचा जेवणातला वाटा म्हणून अर्धी तोर्तिया काढली आहे, तेराव्या वर्षी दोन. त्याच तेराव्या वर्षाची मुलगी गुडघे टेकून मेतातेवर, म्हणजे तीन पायांच्या दगडी पाट्यावर, मका वाटताना दिसते.

स्पॅनिशांनी मका युरोपात नेला, चुना नेला नाही. गव्हासारखा कोरडा दळून तो लोक खाऊ लागले. मक्यातलं नायासिन हे जीवनसत्त्व बांधलेल्या रूपात असतं, आणि चुन्यानं ते मोकळं होतं. ते न मिळाल्यानं गरिबांच्या अंगावर चट्टे उठले, जुलाब लागले, भ्रम होऊ लागला. स्पेनच्या आस्तुरियासमध्ये गास्पार कासाल या वैद्यानं १७३५ मध्ये हा आजार टिपला. इटलीत त्याला ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, असं नाव पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात त्यानं हजारो माणसं नेली. तिथे १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर यांनी हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे हे दाखवत नेलं. नायासिनचा उलगडा १९३७ मध्ये झाला. मेक्सिकोतल्या खेड्यातली बाई मात्र रोज रात्री चुना घालतच होती.

दख्खनलाही हा आजार अनोळखी नाही. केवळ ज्वारीवर जगणाऱ्यांमध्ये तो आढळे. हैदराबादच्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या जास्तीच्या ल्युसीनकडे, म्हणजे प्रथिनातल्या एका घटकाकडे, बोट दाखवलं.

हाताच्या कामाचं कौतुक करताना त्या मेतातेवर गेलेले तास विसरणं मला पटत नाही. घरच्यापुरतं वाटायलाच रोजचे पाच-सहा तास लागत. १९२० च्या दशकात मेक्सिकोतल्या तेपोस्त्लान गावात निश्तामालची गिरणी आली तेव्हा पुरुषांनी विरोध केला आणि बायकांनी ती लावून धरली. आजही वाहाकात पहाटे बादलीत शिजलेला मका घेऊन गिरणीवर जाणाऱ्या बायका दिसतात. चुन्यात शिजवणं घरचं, वाटणं गिरणीचं, थापणं पुन्हा घरचं. ही वाटणी मला न्याय्य वाटते.

१९४९ मध्ये नुएव्हो लेओन राज्यात सुरू झालेल्या कंपनीनं निश्तामालचं कोरडं पीठ पिशवीत भरलं. त्यात पाणी घातलं की झालं. पण त्यानं ओल्या, नुकत्या वाटलेल्या मक्याचा वास गेला, आणि गावागावच्या पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या वाणांचा वेगळेपणाही त्यात विरला. जानेवारी २००७ मध्ये तोर्तियाचे भाव भडकले तेव्हा मेक्सिको शहरात हजारो लोक रस्त्यावर उतरले. २०१० मध्ये युनेस्कोनं पारंपरिक मेक्सिकन स्वयंपाकाला वारशाच्या यादीत घेतलं, आणि मार्च २०२५ मध्ये जनुक बदललेल्या मक्याच्या लागवडीवरची बंदी थेट संविधानात गेली.

बाईंचा तवा मातीचा होता, त्यांच्या शब्दात ‘कोमाल’. गोळा चिकटू नये म्हणून त्याला चुना कालवून फासलेला. तोर्तिया टाकायची, काही क्षणांत उलटायची, दुसरी बाजू नीट भाजायची, पुन्हा उलटायची. मग ती फुगते. माझी पहिली फुगली ती चौथ्या दिवशी. बाईंनी कडेला नख घालून पापुद्रा सुटलाय ना ते पाहिलं, आणि रात्रीचा मका चुन्यात घालायला मलाच सांगितलं.