निवळशंख पाण्यातील बाससाठी फ्लोरोकार्बन लाइनची ताकद

ब्लॅक बास गटातले मासे रॉड आणि रिळाने पकडताना किती पौंडांची फ्लोरोकार्बन लाइन, म्हणजे एका खास प्लॅस्टिकची गळाची दोरी, लावावी, हा अमेरिका, कॅनडा आणि जपानमधल्या गळकऱ्यांच्या नेहमीच्या वादाचा विषय आहे. पाणी निवळशंख असेल तर प्रचलित उत्तर असे : स्पिनिंग रिळावर (दोरीची चाकी, म्हणजे स्पूल, स्थिर असते; हलक्या आमिषांसाठी) ६ ते ८ पौंड, बेटकास्टिंग रिळावर (फेकताना स्पूल फिरते; जड आमिषांसाठी) १० ते १५ पौंड. हे उत्तर चूक नाही, पण पौंडाचा आकडा लाइन किती ओढ सोसते एवढेच सांगतो. माशाला दिसते ती लाइनची जाडी, आणि पाण्यात आमिषाची चाल बिघडवते तीही जाडीच. म्हणून निवड मिलिमीटरमध्ये करावी आणि पौंड नंतर पाहावेत.

येथे बास म्हणजे लार्जमाउथ, स्मॉलमाउथ आणि स्पॉटेड हे सनफिश कुळातले गोड्या पाण्यातले मासे. हे मूळचे उत्तर अमेरिकेचे. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत ‘सी बास’ म्हणून बहुधा ताटात येतो तो आपला जिताडा, आणि त्याचे कूळच वेगळे. कोकणात जिताडा गरवणारेही फ्लोरोकार्बन वापरतात, पण लीडर, म्हणजे मुख्य लाइन आणि गळ यांमधला तुकडा, म्हणून आणि चांगला जाड. जिताड्याच्या कल्ल्यांवरच्या झाकणाची धार बारीक लाइन क्षणात कापते. त्यामुळे खालचे आकडे जिताड्याला लावू नयेत.

फ्लोरोकार्बन लाइन पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड या प्लॅस्टिकची असते. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये ती मासेमारीसाठी आणली, तीही आधी लीडर म्हणून. पाण्याचा वक्रीभवनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) १.३३, फ्लोरोकार्बनचा १.४२ आणि नायलॉनचा, म्हणजे साध्या तंगुसाचा, सुमारे १.५३. आकडे जितके जवळ तितकी लाइन पाण्यात कमी चमकते. मात्र १.४२ म्हणजे १.३३ नव्हे. वेष्टनावर ‘अदृश्य’ लिहिलेले असले तरी उन्हात काचेच्या ग्लासात तुकडा बुडवून पाहावा; तो दिसतो. निवळ पाण्यातला तिचा फायदा केवळ लपण्याचा नाही. घनता १.७८ असल्याने ती बुडते आणि हलके आमिषही तळाशी टिकून राहते. नायलॉन पाणी शोषून सैल आणि कमजोर होते, ही होत नाही. बुडण्याच्या याच गुणामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर चालवायच्या आमिषांना मात्र ती लावू नये. आमिषाचे नाक खाली ओढले जाते.

जाडीचा हिशेब

जपानी लाइनवर पौंडांसोबत ‘गो’ क्रमांक छापलेला असतो आणि प्रत्येक क्रमांकाची प्रमाणित जाडी ठरलेली आहे. फ्लोरोकार्बनमध्ये ढोबळमानाने जुळणी अशी बसते : १.५ गो म्हणजे ०.२०५ मिमी, ६ पौंड. २ गो म्हणजे ०.२३५ मिमी, ८ पौंड, २.५ गो म्हणजे ०.२६० मिमी, १० पौंड. ३ गो म्हणजे ०.२८५ मिमी, १२ पौंड. ४ गो म्हणजे ०.३३० मिमी, १६ पौंड. ५ गो म्हणजे ०.३७० मिमी, २० पौंड.

ओढ सोसण्याची ताकद काटछेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे जाडीच्या वर्गावर ठरते. त्यामुळे ६ वरून १२ पौंडांवर गेले की ताकद दुप्पट होते, जाडी मात्र ०.०८ मिमीच वाढते. ८ वरून १० वर जायला ०.०२५ मिमी पुरतात, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्या फरकाने मासा बिचकतो, असे म्हणायला आधार फारसा नाही. ताकद मात्र चतुर्थांशाने वाढते. निवळ पाणी दिसताच दोन-दोन पायऱ्या खाली उतरण्याची सवय बऱ्याचदा यामुळेच महागात पडते. दुसरी अडचण अशी की अमेरिकी बाजारात १० पौंडांच्या दोन लाइनींच्या जाडीत दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक सहज असतो. वेष्टनावर जाडी छापलेली नसेल तर मायक्रोमीटरने मोजावी. ‘फ्लोरोकार्बन कोटेड’ लिहिलेली लाइन आतून नायलॉनच असते, तीही वगळावी.

पाणी किती निवळ?

तलावांचे अभ्यासक सेकी चकती वापरतात. इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये ही पद्धत रूढ केली. आज तलावांत २० सेंमी व्यासाची काळी-पांढरी चकती दिसेनाशी होईपर्यंत खाली सोडतात आणि ती खोली मोजतात. गळकऱ्याला पांढरे आमिषही चालते. ते अडीच-तीन मीटरपर्यंत दिसले तर पाणी निवळ समजावे. मीटरभरातच नाहीसे झाले तर जाडीची चिंता सोडून १५ ते २० पौंड लावावे. शांत पाणी आणि माथ्यावर ऊन असेल तर एक पायरी खाली, वारा सुटून लाटा उठल्या किंवा ढग आले तर एक पायरी वर.

अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या महासरोवरांच्या परिसरात मात्र निवळ पाण्याला एक कडू बाजू आहे. १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपले सापडले. जहाजांच्या संतुलन टाक्यांतल्या पाण्यातून ते युरोपातून आले असे मानले जाते. एक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळू शकतो. अब्जावधींनी ते पसरल्यावर लेक ईरी आणि सेंट क्लेअरचे पाणी डोळ्यांत भरेल इतके स्वच्छ झाले. गळकरी बारीक लाइनीकडे वळले, आणि तिथेच फसगत झाली. पाणी ज्यांनी निवळ केले त्यांच्याच कवचांच्या कडा खडकाखडकावर वस्तऱ्यासारख्या उभ्या असतात, आणि स्मॉलमाउथ नेमका त्या खडकांलगत राहतो. ६ पौंडांची लाइन कवचाला एकदा घासली तरी ओरखडा जाडीचा मोठा हिस्सा खातो. अशा तळावर ८ हा किमान आकडा, आणि शिंपले दाट असतील तर १० पौंड. पाण्याच्या निवळपणापेक्षा तळाचे म्हणणे आधी ऐकावे.

आमिष आणि गळ

ड्रॉप शॉट (वजन खाली, गळ त्याच्या वर) आणि नेड रिग (हलक्या वजनी डोक्याच्या गळावर छोटे मऊ आमिष) यांना ६ ते ८ पौंड, शेकी हेडला (तशाच गळावर लांब मऊ आमिष) ८ ते १०, जर्कबेटला (झटके देत ओढायचे लांबट कडक आमिष) ८ ते १२. क्रँकबेटला (ओढले की खाली बुडी मारणारे कडक आमिष) १० ते १२, आणि इथे बारीक लाइनीचा खरा लाभ खोलीत दिसतो. पाण्याचा अडथळा कमी झाल्याने आमिष अधिक खोल जाते. तळावरून ओढायच्या फुटबॉल जिगला (लांबट गोल वजनी डोक्याचा गळ) १२ ते १५. शेवाळ किंवा बुडलेली झाडे असतील तर पाणी कितीही निवळ असले तरी १५ च्या खाली उतरू नये, कारण मासा पहिल्याच झेपेत फांदीला वळसा घालतो.

गळाच्या तारेची जाडीही हिशेबात धरावी. १ किंवा २ नंबरचा, म्हणजे लहान, बारीक तारेचा गळ हलक्या ओढीने रुततो. ४/० चा, म्हणजे बराच मोठा, जाड गळ माशाच्या जबड्यात घुसवायला जो जोर लागतो तो ८ पौंडांची लाइन देऊ शकत नाही. झटका दिला की गाठ तुटते, नाहीतर गळ अर्धवट रुततो आणि मासा उडी मारताना सुटतो.

स्पिनिंग रिळावर १० पौंडांपुढची फ्लोरोकार्बन कडक स्प्रिंगसारखी वेटोळी घेऊन स्पूलवरून उसळते. म्हणून हल्ली रिळावर १० ते १५ पौंडांची विणलेली लाइन आणि पुढे दोन ते चार मीटर फ्लोरोकार्बन लीडर अशी जोडणी सर्रास दिसते. जोडाला एफजी किंवा दुहेरी युनी गाठ. लीडर मुख्य लाइनीपेक्षा कमजोरच ठेवावा. अडकल्यावर तो तुटतो आणि पाण्यात तेवढाच तुकडा राहतो. हे प्लॅस्टिक उन्हापाण्याने सहज विघटित होत नाही, त्यामुळे कापलेले तुकडे काठावर टाकू नयेत.

ड्रॅग, म्हणजे ठरावीक ओढीपुढे लाइन सुटू देणारा रिळाचा ब्रेक, लाइनीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर लावावा. ८ पौंड म्हणजे ३.६ किलो, तेव्हा ड्रॅग सुमारे ९०० ग्रॅमला सुटायला हवा. ६ पौंडांना सुमारे ७०० ग्रॅमला. हाताच्या अंदाजावर विसंबू नये. गळ स्प्रिंगच्या काट्याला अडकवून, रॉड वाकवून मोजावे. रॉडच्या कड्यांतले घर्षणही त्यात धरले जाते.

गाठ

सगळा हिशेब बरोबर असूनही मासा जातो तो बहुतेक वेळा गाठीपाशी. पालोमार गाठीसाठी १५ सेंमी लाइन दुमडून गळाच्या नेढ्यातून ओवावी, सैल साधी गाठ मारावी, फासातून गळ पार करावा, थुंकीने ओले करावे आणि हळूहळू आवळावे. कोरडी गाठ झटक्याने आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने फ्लोरोकार्बनचा पृष्ठभाग भाजतो. तिथे पांढुरकी, सुरकुतलेली पट्टी दिसते. अशी गाठ कापून पुन्हा बांधावी, ती चालवून घेऊ नये. फासाचे पदर एकमेकांवर चढले तरीही तेच करावे. नायलॉनवर वर्षानुवर्षे चाललेली इम्प्रूव्हड क्लिंच गाठ या कडक, गुळगुळीत लाइनीवर घसरते.

फ्लोरोकार्बन एकदा मर्यादेबाहेर ताणली की पूर्ववत होत नाही. ती जागा बारीक आणि कमजोर राहते. अडकलेला गळ जोर लावून सोडवल्यावर, किंवा बेटकास्टिंग रिळात गुंता होऊन घडी पडल्यावर तेवढा भाग कापून टाकावा. दर दोन-तीन माशांनंतर शेवटचा मीटरभर भाग ओठांतून किंवा नखावरून ओढावा. डोळ्यांना न दिसणारा खरखरीतपणा तिथे लगेच कळतो.

लाइन तुटल्यावर रिकामे टोक फेकण्याआधी पाहावे. टोक डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असेल तर गाठ घसरली, गाठ बदलावी. टोक फिसकटलेले, पांढरे आणि आधीचा भागही खरखरीत असेल तर तळाने खाल्ली, तेव्हा एक पायरी जाड लाइन लावावी. टोक बारीक निमुळते होत गेलेले असेल तर ओढ जास्त झाली. तिथे लाइन जाड करण्याआधी ड्रॅग तपासावा.