शिळा भात परतला की निर्धोक होतो का?

"फोडणीत परतला की काय उरतंय त्यात!" रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवताना नाशिकच्या कितीतरी घरांत हे ऐकू येतं. वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच इतकं टिकलं.

चांगल्या आचेवर बहुतेक जिवंत जंतू मरतात. पण तांदळात, मग तो इगतपुरीकडचा इंद्रायणी असो की पाकिटातला बासमती, बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, झोपलेली रूपं, असू शकतात. भात उकळला तरी ते वाचतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष सोडतात. हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास ठेवलं तरी टिकतं. फोडणीची पाच मिनिटं त्यापुढे काहीच नाहीत. खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात आणि दोष बिचाऱ्या सकाळच्या मिसळीला जातो!

हाताचंही तसंच. चिघळलेल्या बोटाने किंवा नाक पुसलेल्या हाताने भात मोकळा केला, तर स्टॅफिलोकॉकस जंतू त्यात उतरतात. त्यांचं विषही परतून जात नाही. म्हणून आधी साबणाने २० सेकंद हात धुवा, जखम असेल तर पट्टीवर हातमोजा घाला.

उरलेला भात परातीत पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तासाभरातच. किंचित कोमट असला तरी फ्रिज बिघडत नाही. आणि वास घेऊन ठरवू नका, या विषाला वास नसतो.