अर्धशिशी, फीवरफ्यू आणि आपलं गाजर गवत

एप्रिल लागला की आमच्या आईची अर्धशिशी सुरू व्हायची. सोलापुरात पूर्व भागात घर, शेजारी दिवसभर पॉवरलूमची खटखट, बाहेर 42 डिग्री ऊन आणि आई खिडक्या लावून अंधारात पडलेली. आजी सहाणेवर सुंठ उगाळून कपाळावर लेप लावायची, तो वाळला की कातडी ताणून चरचरायची आणि तेवढा वेळ डोळ्यामागचं ठणकणं जरा कमी वाटायचं. आयुर्वेदात हे दुखणं जुनंच आहे, सुश्रुतसंहितेत अर्धावभेदक नावानं आलंय. पण आमच्या घरातले उपाय सगळे दुखायला लागल्यावरचे. दुखूच नये म्हणून रोज घ्यायचं औषध म्हणून हल्ली फीवरफ्यूच्या कॅप्सूल विचारतात लोक, म्हणून तिची गोष्ट लिहितेय.

फीवरफ्यू म्हणजे शेवंतीच्या कुळातलं झुडूप, पांढरी बारकी फुलं मधे पिवळी, पानं कडूजहर. युरोपात तापावर आणि बायकांच्या तक्रारींवर शेकडो वर्षं वापरात होतं, मायग्रेनसाठी म्हणजे अर्धशिशीसाठी मात्र ते गाजलं 1970 च्या दशकात, वेल्समधल्या एका डॉक्टरांच्या बायकोनं रोज पानं खाल्ली आणि तिचं डोकं दुखणं थांबलं ही बातमी पसरली तेव्हा. मग ब्रिटनमध्ये शेकडो लोक घरच्या अंगणातली पानं ब्रेडमध्ये घालून खायला लागले. 1985 मध्ये लंडनच्या मायग्रेन क्लिनिकनं अशाच 17 जणांना घेतलं, काहींना खरी पावडर दिली, काहींना औषध नसलेली नुसती डमी, आणि डमीवाल्यांची डोकेदुखी परत वाढली. 1988 ला नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी 72 जणांवर चाचणी केली, त्यात अटॅक साधारण 24 टक्के कमी झाले, पण आलेला अटॅक काही लवकर संपला नाही. पुढं सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर फायदा छोटाच दिसतो, त्यातल्या एका मोठ्या चाचणीत तर महिन्याला अर्ध्या-पाऊण अटॅकचा फरक. मला तरी तेवढाही थोडा वाटत नाही, ज्यानं ते ठणकणं सोसलंय त्याला विचारा.

अर्धशिशीसाठी घेतात ती दुसरी वनस्पती बटरबर, ती अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2012 ला शिफारशीत घेतली आणि लिव्हरच्या भीतीनं 2015 ला शिफारस मागं घेतली, तेव्हा ती नकोच.

फीवरफ्यूनं तोंड येतं, गरोदर बाईनं घ्यायचंच नाही, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि महिनोन्महिने घेऊन एकदम बंद केलं तर दुखणं उसळी मारतं.

आता मेन सांगायचं ते. फीवरफ्यूच्या शास्त्रीय नावात पार्थेनियम आहे आणि आपल्या गाजर गवताच्या, म्हणजे काँग्रेस गवताच्या नावातही पार्थेनियमच, पण झाडं दोन वेगळी. 1955 च्या आसपास पुण्यात दिसलेलं हे गवत आता आमच्या कारखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटात कमरेइतकं वाढलंय. पानं कातरलेली, फुलं पांढरी, नेटवर फोटो बघून गल्लीतल्या एका काकूंनी हेच फीवरफ्यू समजून मूठभर तोडून आणलं होतं चघळायला, मी हातातनं काढून घेतलं. त्यांच्या मनगटावर तोपर्यंत खाजेचे लाल चट्टे उठले होते.