पीएमईजीपी : इंदूरच्या लघुउद्योगांसाठी कर्ज आणि अनुदान

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम (पीएमईजीपी) ही नव्या उद्योगाला बँकेचे कर्ज आणि त्यासोबत अनुदान देणारी केंद्र सरकारची योजना. दोन जुन्या योजना एकत्र करून ती २००८ मध्ये सुरू झाली. देशपातळीवर खादी व ग्रामोद्योग आयोग ती चालवतो. इंदुरात जिल्हा व्यापार व उद्योग केंद्रामार्फतही अर्ज करता येतो. २०२२ पासून प्रकल्पखर्चाची मर्यादा उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाख रुपये आहे. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत.

इंदुरातल्या मराठी घरांतून भाजणी, मेतकूट, मसाले, दिवाळीचा फराळ विकला जातो. असा घरगुती धंदा कारखान्यात न्यायचा, तर हिशेब पुढीलप्रमाणे. समजा, एका महिलेचा प्रकल्प ८ लाखांचा आहे : चक्की, भाजणयंत्र आणि पॅकिंग मशीन मिळून ५ लाख, खेळते भांडवल ३ लाख. महिला विशेष प्रवर्गात येतात, म्हणून स्वतःचे ५ टक्के, म्हणजे ४० हजार, घालायचे. बँक ७ लाख ६० हजार मंजूर करते. शहरी भागात अनुदान २५ टक्के, म्हणजे २ लाख. हाच प्रकल्प सर्वसाधारण प्रवर्गातल्या पुरुषाचा असेल तर स्वतःचे ८० हजार आणि अनुदान १५ टक्के, १ लाख २० हजार. गावात अनुदानाचे हेच दर महिलेला ३५ आणि या पुरुषाला २५ टक्के होतात.

अनुदान हाती पडत नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. ती रक्कम कर्जदाराच्या नावे मुदत ठेवीत तीन वर्षे अडकून राहते. तिच्यावर व्याज मिळत नाही, पण तेवढ्या कर्जावर बँक व्याजही लावत नाही. तीन वर्षांनी प्रत्यक्ष पाहणी होते आणि युनिट चालू असेल तरच ती कर्जखात्यात वळती होते. हप्ते मात्र त्याची वाट पाहत नाहीत, बँकेने दिलेली सुरुवातीची सूट संपली की ते भरावेच लागतात.

खेळत्या भांडवलाची अटही अनेकांना उशिरा कळते. कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँक देते त्या उचल-खात्याची, मर्यादा या तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण वापरलेली असावी लागते आणि सरासरी वापर ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ नये. नाही तर त्या प्रमाणात अनुदान परत जाते. फराळाच्या धंद्यात दिवाळीत ही मर्यादा पुरेपूर वापरली जाते आणि नंतर खाते सुनसान होते. त्यामुळे मर्यादा फुगवून मागण्यात शहाणपण नाही.

अर्ज ऑनलाइन आणि मोफत आहे. उद्यम नोंदणीलाही (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) पैसे पडत नाहीत, दलाल तरीही घेतात. आधार सासरच्या नावाने आणि गुणपत्रिका माहेरच्या, असे असेल तर ते आधी जुळवून घ्यावे. मशीनचे कोटेशन जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याचेच घ्यावे. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, तरी मॅनेजर परतफेडीचा जुना इतिहास पाहतोच. कुठल्या तरी ॲपवरचे थकलेले छोटे कर्जही अर्ज अडवते. १० लाखांवरच्या उत्पादन-प्रकल्पासाठी आठवी पास असणे आवश्यक.

कुटुंबात, म्हणजे पती-पत्नी मिळून, एकालाच लाभ मिळतो. आधीपासून चालू युनिट अपात्र ठरते. नुसती मुद्रा योजना (छोट्या धंद्यांना तारणाशिवाय कर्ज देणारी केंद्राची योजना) हवी असल्यास तिच्यात अनुदान नाही. मध्य प्रदेशची उद्यम क्रांती योजना सात वर्षांपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत देते. पण पीएमईजीपी आणि उद्यम क्रांती या दोन्हींचा लाभ एकत्र घेता येत नाही. पीएमईजीपीचे कर्ज वेळेत फिटले तर त्याच युनिटच्या वाढीसाठी दुसऱ्यांदा अर्ज करता येतो, उत्पादनासाठी १ कोटीपर्यंत.