आपल्या रानाचा पाऊस मोजायला कॉलेजची पोरं पाहिजेत

सोलापुरात पाऊस कमी हे काय नवीन नाही. वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास, त्यातही खरा भरवसा सप्टेंबरवर, कारण रब्बीची ज्वारी त्या ओलीवरच काढायची असते. बदललंय ते पावसाचं वागणं. हवा एक डिग्रीनं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते, मग महिना महिना कोरडा जातो आणि नंतर एका रात्रीत सगळं ओतून जातं. ऑक्टोबर २०२० ला जिल्ह्यानं हे बघितलं आणि सप्टेंबर २०२५ ला तर सीनाकाठची गावंच्या गावं पाण्यात होती.

यात आपल्या सोलापूर विद्यापीठानं काय करावं? मला विचाराल तर गावाला त्याच्या स्वतःच्या रानाचे आकडे काढून द्यावेत. पर्जन्यमापक असतो महसूल मंडळाच्या ठिकाणी, पण पाऊस या शिवारात पडतो आणि ओढ्यापलीकडं थेंब नसतो. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एकरावर ४ हजार लिटर पाणी, मग अंदाजावर कसं चालेल?

कॉलेजात एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं शिबिर दरवर्षी होतंच. त्याच सात दिवसात पोरांनी रानोरान खड्डे घेऊन मुरूम किती खाली लागतो ते मोजलं तरी गावाचा मातीचा नकाशा तयार होतो. हे महत्त्वाचं आहे, कारण राहुरीच्या कृषी विद्यापीठानं ज्वारीचे वाण मातीच्या खोलीप्रमाणंच दिलेत, हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारी काळ्याला फुले वसुधा, आणि एकाच गटात वरच्या अंगाला हलकी अन् ओढ्याकडं भारी माती असली तरी आपण सगळीकडं एकच बी पेरतो.

ज्ञान बाहेरून आणायचं नाहीये. कोरडवाहू शेतीचं संशोधन सोलापुरात १९३३ पासून चालू आहे, ज्वारीची मालदांडी ३५-१ ही जात निवडली गेली ती मोहोळला. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं म्हातारी माणसं म्हणतात त्यामागंही विज्ञानच आहे, काळी माती वाळली की भेगाळते, भेगांतून खालची ओल उडून जाते, कोळप्यानं भेगा बुजल्या आणि वर भुसभुशीत थर झाला की ती ओल मुळांना राहते. संशोधन केंद्र ते बांध एवढं अंतर मात्र अजून बाकी आहे, आणि ते पोरंच तोडू शकतात, कारण निम्मी पोरं त्याच गावांतली आहेत.

आपलं विद्यापीठ २००४ ला झालं ते एका जिल्ह्यापुरतं, मला ते मोठं बळ वाटतं. करमाळा काय अन् अक्कलकोट काय, कुठलंही कॉलेज स्वतःच्या तालुक्यातल्या विहिरी मोजू शकतं. आपल्या काळ्या पाषाणात पाणी साठतं ते फक्त मुरमात आणि खडकाच्या फटीत, साठा लहानच. मे महिन्यात एकदा, ऑक्टोबरात एकदा टेप सोडून पाणी किती फुटांवर आहे ते शाळेच्या भिंतीवर लिहिलं, की यंदा ज्वारी, हरभरा का ऊस, हे ग्रामसभेत बसून ठरवता येतंय.