माती मिसळली, पण पानं सुटली का?

मुंबईत पायलिंग चाललेल्या साइटवर राखाडी, बुळबुळीत पाण्याची टाकी हमखास दिसते. ते पाण्यात कालवलेली बेंटोनाइट नावाची माती, खणलेला खड्डा ढासळू नये म्हणून भरतात. हीच माती टोयोटाच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात नायलॉनमध्ये घातली. ६५ अंशांना भाराखाली वाकणारं नायलॉन जेमतेम ५ टक्के मातीने १४० अंशांच्याही पुढे टिकलं.

यात भुकटी किती घातली यापेक्षा तिची पानं सुटली का याला महत्त्व आहे. बेंटोनाइटमधलं खनिज माँटमोरिलोनाइट म्हणजे पानांची चवड. एकेक पान १ नॅनोमीटर जाड. पानं सुटली तर दोन्ही बाजू धरून १ ग्रॅमला सुमारे ७५० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो, म्हणजे चारशे स्क्वेअर फुटांचे वीस फ्लॅट! त्याला नायलॉनच्या साखळ्या जखडून बसतात. चवड तशीच राहिली तर ती नुसती धूळ, आणि जास्त घातली की माल ठिसूळ.

पानांच्या मध्ये सोडियम आणि पाणी असतं, तिथे प्लास्टिक शिरत नाही. म्हणून माती ८० अंशांच्या पाण्यात ढवळत अठरा कार्बनची शेपटी असलेला अमोनियम क्लोराइड क्षार घालतात. सोडियम बाहेर येतो, शेपटी आत जाते, थरांचं अंतर १.२ वरून २ नॅनोमीटरच्या आसपास किंवा पुढे जातं. मग गाळून धुवायचं. धुवणात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर ते दुधाळ झालं, तर क्लोराइड उरलंय. पाणी निवळ राहीपर्यंत धुणं थांबवू नये.

पुढचं काम ट्विन-स्क्रू एक्सट्रूडरचं, म्हणजे तापलेल्या नळीत (बॅरलमध्ये) दोन स्क्रू फिरवून वितळलेलं नायलॉन आणि माती मळणाऱ्या यंत्राचं. पिसलेल्या पत्त्यांसारखी पानं एकमेकांवरून घसरत सुटतात. सिंगल स्क्रूला ते सहसा जमत नाही. अडचण तापमानाची. नायलॉन-६ वितळतं २२० अंशांना आणि अमोनियमची शेपटी २०० च्या पुढे तुटू लागते. माल बॅरलमध्ये रेंगाळला की पिवळा पडतो, पानं पुन्हा मिटतात. पावसाळ्यात तर उघड्या गोणीतला नायलॉनचा दाणा हवेतलं पाणी पितो. ८० अंशांना रात्रभर सुकवला नाही तर वितळताना साखळ्या तुटतात, मालावर चंदेरी रेघा उठतात.

पानं सुटली का हे एक्स-रे विवर्तनात, म्हणजे थरांमधलं अंतर मोजणाऱ्या एक्स-रे चाचणीत कळतं: आलेखातलं थरांचं शिखर नाहीसं होतं. पण चवडी नुसत्या विस्कटल्या तरी ते पुसट होतं. म्हणून अतिपातळ काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघावाच. सुटलेली पानं केसासारख्या काळ्या रेघा दिसतात, न सुटलेली चवड जाड काळा डाग.