पार्श्वभूमी : शेवट आधीच ठाऊक असतो तेव्हा

नाशिकमधल्या एका हौशी संस्थेच्या तालमीत गेले काही दिवस एकाच गोष्टीवरून खटके उडत आहेत. बसवले जात आहे ‘रोमिओ आणि ज्युलिएट’, मराठी रंगावृत्तीत. मूळ नाटकाच्या आरंभी चौदा ओळींचे निवेदन आहे आणि दोघे मरणार हे त्यात सरळ सांगून टाकले आहे. दिग्दर्शकाला ते हवे आहे, मुख्य भूमिका करणाऱ्यांना नको. शेवटच सांगितला तर लोक बसतील कशाला, असे त्यांचे म्हणणे. चहाच्या वेळेत हा वाद ऐकताना लक्षात आले की मराठी रंगभूमीवर तो नवा नाही, आणि नाशिकशी त्याचा संबंध बराच जवळचा आहे.

आधी मूळ नाटकाची बांधणी. शेक्सपिअरने ही गोष्ट १५६२ च्या एका इंग्रजी कथाकाव्यावरून घेतली. त्या काव्यात प्रेमापासून मृत्यूपर्यंत काही महिने जातात. नाटकात हे सगळे रविवार ते गुरुवार पहाटेपर्यंत आटोपते. ज्युलिएटचे वयही सोळावरून चौदाच्या आत आणले आहे. काय होणार हे प्रेक्षकाला माहीत आहे, म्हणून त्याचे लक्ष घड्याळाकडे लागते. ज्युलिएट मेलेली नाही, औषधाने निपचित आहे हे कळवणारी चिठ्ठी रोमिओपर्यंत पोहोचायला हवी होती, ती साथीच्या बंदोबस्तात अडकते. ती जागी व्हायच्या आधी तो थडग्यात पोहोचतो. चुकामूक मिनिटांची असते आणि ती आपल्या डोळ्यांदेखत होते.

प्रेमाची भाषा या घड्याळाला जुंपलेली आहे. पहिल्या भेटीत दोघे मिळून जे बोलतात ते नेमके चौदा ओळींचे सुनीत (सॉनेट) होते, म्हणजे ज्या घाटात त्यांचा मृत्यू जाहीर झाला त्याच घाटात त्यांची ओळख होते. पुढे एका पहाटे दोघांत वाद लागतो की बाहेर ओरडला तो कुठला पक्षी, रात्रीचा की सकाळचा. ऐकायला ही लाडीगोडी वाटते. पण सकाळचा असेल तर रोमिओला शहर सोडावे लागेल, थांबला तर जीव जाईल. आणि ज्या प्रवेशात ज्युलिएट रात्र लवकर यावी म्हणून अधीर होते, त्याच्या आधीच्याच प्रवेशात रोमिओच्या हातून तिचा भाऊबंद मारला गेल्याचे आपण पाहिलेले असते. तिचा प्रत्येक गोड शब्द त्यामुळे आपल्याला टोचतो. या नाटकातली शृंगाराची भाषा कापून ‘गोष्ट पुढे नेणारे’ संवाद तेवढे ठेवणाऱ्या रंगावृत्त्या मी पाहिल्या आहेत. त्या लवकर संपतात, पण लांब वाटतात.

आता या वादात सतत येणारा शब्द: शोकांतिका. तालमीत तो दोन्ही बाजू वापरतात आणि दोघांना वेगळे अभिप्रेत असते. नाशिक जिल्ह्यात तर कांद्याचा भाव पडला की शोकांतिका, घाटात गाडी कोसळली की शोकांतिका, आणि सभेत वक्त्याला मुद्दा सुचेना झाला की ‘हीच खरी शोकांतिका आहे’. शब्दाची फोड केली तर शोक ज्याच्या अंती आहे ते, एवढाच अर्थ निघतो. इथेच गुंता होतो. ज्या ग्रीक नाटकांवरून ही कल्पना आली त्यांतली काही समेटाने संपतात. इ. स. पूर्व ४५८ मध्ये झालेली, रक्ताने माखलेल्या घराण्याची प्रसिद्ध नाट्यत्रयी न्यायसभेत आणि शांततेत मिटते, तरी ती ट्रॅजेडीच. म्हणून मराठी समीक्षेत काहींनी ‘शोकात्मिका’ हा शब्द पुढे केला: शोक शेवटाला नव्हे, नाटकाच्या आत्म्यात असावा. शब्द चांगला आहे, पण तो समीक्षेतच राहिला. जाहिरातीत, परीक्षकांच्या शेऱ्यांत आणि चहाच्या टपरीवर शोकांतिकाच चालते, आणि तिच्यामुळे सगळ्यांची नजर शेवटच्या दहा मिनिटांवर खिळते. निवेदन नको म्हणणाऱ्या नटांचा आग्रहही, मला वाटते, याच शब्दातून आला आहे. शोक अंतीच असेल तर तो आधी उघड करणे म्हणजे नाटक फोडणेच.

दुसरी अडचण ‘शोक’ या शब्दाची. तो रसशास्त्रातला करुणाचा स्थायीभाव, म्हणजे त्या रसाच्या मुळाशी असलेली भावना. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण आणि विरहाचा शृंगार, म्हणजे विप्रलंभ, यांतला फरक फार थोडक्यात सांगितला आहे: करुण निरपेक्ष, विप्रलंभ सापेक्ष. अपेक्षा म्हणजे पुन्हा भेटीची आशा. आशा आहे तोवर विरह शृंगारात मोडतो, आशा संपली की करुण. नाटकातल्या ताणाची याहून नेमकी व्याख्या मला दुसरी सापडलेली नाही. व्हेरोनाच्या या दोन प्रेमिकांचे बोलणे थडग्यापर्यंत सापेक्षच राहते, कारण त्यांना निवेदन ऐकू गेलेले नाही. प्रेक्षक मात्र पहिल्या मिनिटापासून निरपेक्ष आहे. एकाच वाक्याला मंचावर शृंगार आणि सभागृहात करुण असे दोन रस लागतात, आणि ताण त्या दोहोंच्या मधल्या जागेत असतो. निवेदन कापले की ती जागा बुजते. (लेखकाने बाजू घेतली असे वाचकाला वाटत असेल, तर ते खरे आहे.)

शेवट सोसत नाही हे दुखणे केवळ आपले नव्हे. लंडनच्या रंगमंचावर १६८१ पासून दीडशे वर्षे लिअर राजा जिवंत राहून राज्यावर परतत असे. १७४८ च्या एका गाजलेल्या प्रयोगात ज्युलिएट रोमिओला विष पुरते भिनण्याआधीच जागी होते आणि दोघांना निरोपाचे संवाद मिळतात. ते पुढे सुमारे शंभर वर्षे टिकले. म्हणजे शृंगाराची भाषा वाढवली आणि चुकामूक घालवली.

मराठीत शेक्सपिअर आला तो शोकांतातूनच: १८६७ मध्ये ऑथेल्लोचे भाषांतर, १८८३ मध्ये हॅम्लेटवरून ‘विकारविलसित’, १८९० मध्ये पुन्हा ऑथेल्लोवरून ‘झुंझारराव’. मृत्यू मंचावर दाखवू नये या संस्कृत संकेताची सवय असलेल्या प्रेक्षकासमोर हे घडत होते. बरीच स्वतंत्र नाटके मात्र कडेपर्यंत नेऊन परत आणीत. १८९९ चे ‘शारदा’ नायिकेला आत्मघाताच्या उंबरठ्यापर्यंत नेते आणि वाचवते. त्याच नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टरवर नाशिकच्या विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. पुढचा इतिहास सर्वांना पाठ आहे.

परत न आणणारे गाजलेले नाटक आले १९१९ मध्ये. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग नाटककाराच्या निधनानंतर महिन्याभराच्या आत झाला. या नाटकाला वेगळे निवेदन लागत नाही, शीर्षकच ते काम करते. प्याला एकच राहणार नाही हे तिकीट काढतानाच कळते. पण संगीत नाटकाची स्वतःची अडचण होती. नायिका सिंधूच्या तोंडची पदे जितकी गोड, तितके वन्समोर जास्त. उपाशी घरातली बाई तेच पद तिसऱ्यांदा आळवते तेव्हा ताणाचे काय होते, यावर मतभेद आहेत. काही जुने रसिक म्हणत की पुन्हापुन्हा गाण्याने जीव अधिक पिळवटतो. माझ्या पिढीला हे पटणे जड जाते.

यापुढचा काळ नाशिकचा. १९५४ मध्ये मॅकबेथचा ‘राजमुकुट’ झाला, १९६१ मध्ये ऑथेल्लो, आणि २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग. तिन्ही नाशिकच्या एकाच कवीच्या लेखणीतून उतरली. त्याच गावात, त्याच वर्षांत, इंग्रजी शिकवणारे एक प्राध्यापक ‘मत्स्यगंधा’ लिहीत होते. एवढ्याशा गावात दोन-दोन नाटककार शोकाच्या घाटाशी झुंजत होते याचे तेव्हा कुणाला फारसे नवल वाटले नसावे.

कवीने निवडलेल्या नाटकांत प्रेमाची भाषा बिघडत जाते. ऑथेल्लो सुरुवातीला समुद्र आणि तारे यांच्या भाषेत बोलतो. संशय भिनला की त्याच्या तोंडी खलनायकाचे बोकड आणि माकडे येतात. रुमाल सापडण्याच्या किती आधी त्याचे प्रेम हरले, हे कानांनी कळते. मॅकबेथ बायकोला सर्वांत लाडाने हाक मारतो ती नेमकी पुढचा खून तिच्यापासून लपवताना. नटाने ती हाक नुसती गोड म्हटली तर प्रवेश गेला.

लिअरच्या छायेतल्या ‘नटसम्राट’मधला वादाचा निर्णय मात्र कवीचा स्वतःचा. लिअरला मंचावर राणी नाही. इथल्या म्हाताऱ्या नटाला, आप्पासाहेबांना, बायको कावेरी आहे, आणि ते तिला ‘सरकार’ म्हणतात. कावेरी दिल्याने नाटक कौटुंबिक झाले, लिअरचे वैराण माळरान बैठकीच्या खोलीत आले, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. तरीही मला तो निर्णय नाटकाचा कणा वाटतो. आप्पांची भाषा पल्लेदार, दरबारी, जुन्या भूमिकांतून उचललेली. ‘सरकार’ हा शब्दही त्या दरबारातलाच, पण तो अशा बाईला उद्देशून आहे जी हिशेब ठेवते आणि वाटणीच्या वेळी सावध करते. थट्टा आणि आदर एकाच हाकेत आहेत, म्हणून म्हातारपणीचा शृंगार मराठी मंचावर लाजिरवाणा न होता उभा राहिला. ती आहे तोवर सगळे अपमान सापेक्ष असतात. ती जाते तेव्हा नाटक संपायला बराच अवकाश असतो, आणि पुढे हाकेला ओ देणारे कुणी नसते. कितीतरी नट स्वगतांवर मेहनत घेतात आणि ही हाक सवयीने उरकतात.

हाकेचा प्रश्न रोमिओच्या रंगावृत्तीतही आहेच. जुन्या नाटकांत ‘प्राणनाथ’ आणि ‘प्रिये’ चालून गेले. नंतर ‘अहो’ आणि ‘तू’ आले. पहिल्या भेटीत सुनीताच्या ओळी वाटून घेणारे दोघे एकमेकांना काय म्हणणार? तिने ‘अहो’ म्हटले की ती अर्धी पायरी खाली उतरते आणि सुनीत मोडते. दोघांनी ‘तू’ म्हटले तर आजच्या कानाला खटकत नाही, पण पुढे लग्न झाल्यावर दाई त्यांच्यात ‘अहो’ आणू पाहते, असा एक छोटा विनोद आमच्या रंगावृत्तीकाराने घातला आहे. तो टिकेल असे दिसते.

सभागृहांनीही भाषा बदलली. नाशिकच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात कुजबुजही शेवटच्या रांगेसाठी फेकावी लागे, त्यामुळे सज्ज्याखालचा प्रियकर थोडा भाषण केल्यासारखाच वाटायचा. कालिदास कलामंदिर २०१८ मध्ये नूतनीकरणानंतर उघडले, आता गालाला चिकटवलेले माइक सर्रास आहेत. श्वाससुद्धा ऐकू येतो. त्याचा तोटा असा की तरुण नट ओळीचा शेवट गिळतात, आणि वृत्तातली ओळ शेवटच्या अक्षरावरच उभी असते.

निवेदनाचा निर्णय रंगीत तालमीवर ढकलला आहे. तडजोड म्हणून कुणीतरी सुचवले की ते चौदाच्या ऐवजी आठ ओळींचे करावे. दिग्दर्शकाने विचारले, मग पहिल्या भेटीतल्या कुठल्या सहा ओळी काढू? त्यावर अजून कुणी बोललेले नाही.